दर सात सेकंदांनी एक थेंब

सकाळी पावणेआठला मी माझ्या मुलीच्या थोबाडीत मारली आणि ती रडली नाही. मारलं म्हणून मी दचकलो नाही, ते आमच्याकडे नेहमीचंच होतं. ती रडली नाही म्हणून दचकलो. कारण काय, तर बुटाची नाडी. ती दाराशी बसून नाडी बांधत होती, फास करायची, तो सुटायचा, पुन्हा करायची, आणि मला आठच्या ठोक्याला प्रयोगशाळेत पोचायचं होतं. दोनदा मी ‘आटप’ म्हटलं. तिसऱ्यांदा तोंडानं म्हटलंच नाही. माझा हात जड आहे, बोटं उमटतात. तिची मान एका बाजूला गेली, परत सरळ झाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे ठक्क. मग ती खाली वाकली, ती नाडी अगदी व्यवस्थित बांधली, दुसऱ्या बुटाचीही बांधली, दप्तर पाठीला लावलं आणि विचारलं, "निघायचं?" नऊ वर्षांची पोर. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण दोन वर्षांची असताना ती घरभर स्वतःभोवती फिरत सुटायची आणि चक्कर येऊन पडली की खदाखदा हसायची. हल्ली ती भिंतीच्या कडेकडेनं चालते, नाव मात्र तेच राहिलंय. शाळा पाच मिनिटांवर. रस्त्यानं ती माझ्या डावीकडून चालत होती आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं की माझा हात जिथवर पोचतो त्याच्या चार बोटं पलीकडून ती चालते. मी जरा आत सरकलो तर तीही तेवढीच सरकली, न बघता. फाटकाशी पोचल्यावर म्हणाली, "जाऊ?" मी म्हटलं, "जा." गालावर तीन बोटं लाल होती. बाई विचारतील, ही काहीतरी सांगेल, बाई मान डोलावतील. यापूर्वीही असंच झालं असणार. मला संताप आला, आणि तो कुणाचा आला ते कळेना म्हणून मी रस्त्यावरच्या एका रिकाम्या खोक्याला लाथ घातली.

माझं काम उंदीर मारण्यापासून सुरू होतं. लोकांना हे सांगितलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. मी पेशींचा अभ्यास करतो. प्रत्येक पेशीला एक अतिशय पातळ कातडं असतं आणि त्या कातड्यात दारं असतात. बाहेरून ठरावीक रसायन येऊन दाराला चिकटलं की दार उघडतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात क्षार आत घुसतात, वीज वाहते, आणि माझ्या पडद्यावर सरळ चाललेली हिरवी रेघ धाडकन खाली कोसळते. एवढंच. विचार, भीती, हात उगारणं, सगळं या दारांच्या उघडझापीतून होतं असं आम्ही मानतो. माझी दारं निकोटिनला उघडणारी, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याच्या डोक्यात जी उघडतात ती. ती बघायची तर पेशी जिवंत हवी, आणि पेशी जिवंत हवी तर उंदीर ताजा मेलेला हवा. पांढरा उंदीर डाव्या हातात धरायचा, अंगठा पाठीवर, दोन बोटं पुढच्या पायांखाली. भुलीच्या बरणीतून काढल्यावर तो मऊ आणि कोमट असतो. मान अडकित्त्यासारख्या यंत्राच्या पात्यांमध्ये ठेवायची आणि उजव्या हातानं दांडा खाली. आवाज लहान असतो, सुपारी फोडल्यासारखा. मग कवटी कात्रीनं उघडून एका मिनिटाच्या आत मेंदू बर्फगार द्रावणात टाकायचा. मला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. सगळ्या इमारतीत माझ्याइतका वेगवान कुणी नाही, आणि याचा मला अभिमान वाटायचा हे आता लिहिताना बरं वाटत नाही. त्या सकाळी मी दांडा खाली ओढला आणि माझ्या लक्षात आलं की मघाशी दाराशी जो हात उठला तोही असाच, मनगटात जराही ताण नसलेला, सवयीचा हात होता. राग मागाहून आला होता. मी हातमोजा काढून तळहात बघितला. त्यावर काही नव्हतं.

गुरुवार होता. सोमवारपासून अकरा उंदीर संपले होते आणि एकही पेशी बोलत नव्हती. हे माझ्या वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा हौदात ठेवायचा, वरून ताजं द्रावण वाहतं ठेवायचं. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीजवळ न्यायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला रबराची लांब नळी असते, ती माझ्या दातांत. आधी हलकीशी फुंकर, म्हणजे टोक स्वच्छ राहतं. पेशीवर खळगा दिसला की फुंकर सोडायची आणि बाळ दूध ओढतं तसं अलगद ओढायचं. कातडं काचेला चिकटतं. मग एक छोटासा झटका, कातडं फुटतं, आणि आपण आत. यंत्रानंही हे करतात, पण माझा श्वास यंत्रापेक्षा बरा. घरात ज्याला दोन मिनिटं धीर धरवत नाही तो माणूस इथे एका पेशीसाठी अर्धा अर्धा तास श्वास सांभाळत बसतो, असं बायको एकदा म्हणाली होती. ती रुग्णालयात परिचारिका आहे, सकाळची पाळी, सहाला घर सोडते. सकाळी घरात मी आणि भिंगरी दोघंच. "परत तिच्यावर हात उचललास तर मी तिला घेऊन दादाकडे जाईन," हेही तीच म्हणाली होती, मागच्या वर्षी, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. गेली नाही. मी समजलो, नुसतं बोलते.

चारही दिवस असं झालं होतं: पेशी चिकटायची, फुटायची, तब्येत उत्तम, आणि मी निकोटिनचा फवारा दिला की रेघ ढिम्म. हलायची नाही. दुसरा फवारा, तिसरा, दहापट तीव्र. ढिम्म. मेलेली पेशी मला दुरून कळते, ती फुगते, तिचा पोत जातो. या मेल्या नव्हत्या. जिवंत होत्या आणि उत्तर देत नव्हत्या, आणि मला याचा जो राग येत होता तो मला चांगला ओळखीचा होता. आमचे अण्णा शिंपी होते. त्यांच्याकडे कापड मोजायचा लाकडी गज होता, दोन्ही टोकांना पितळी टोपणं. गिऱ्हाइकाशी ते इतकं मऊ बोलत की बायका म्हणायच्या, किती गरीब माणूस. गिऱ्हाईक गेलं की गज उचलत. कधी माझं अक्षर वाईट म्हणून, कधी काजं करताना दोरा गुंतला म्हणून, कधी त्यांचं त्यांनाच माहीत. मारून झालं की गज पुसून पुन्हा कापडावर ठेवत आणि खडूनं रेघ ओढायला घेत, मागची रेघ जिथे थांबली होती तिथूनच. मी ओरडायचो, आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडायची. दहा वर्षांचा असताना एक दिवस मी ओरडलो नाही. ठरवून नाही, ओरडणं आलंच नाही. पाठीवर गज पडत होता आणि मी समोर टांगलेल्या अर्धवट कोटाची टाके घातलेली बाही बघत होतो, तिच्यावरचे पांढरे टाके मोजत होतो, सतरा होते. पाठ दुसऱ्याच कुणाची होती. अण्णांनी आणखी जोरात मारलं, मग थांबले, धापा टाकत माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. त्या दिवशी मी जिंकलो असं मला तीस वर्षं वाटत आलं. अण्णा मेले तेव्हा खांदा देतानाही माझ्या मनात तेच होतं, की या माणसाला मी दहाव्या वर्षी हरवलं. भिंगरीनं दाराशी माझ्याकडे पाहिलं ते अगदी तसं. ती जिंकली होती. मी नळी दातांत इतकी घट्ट धरली की रबराला दात उमटले.

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, पीएचडी करते, तिला सगळे मुंगी म्हणतात कारण ती सतत काहीतरी उचलून नीट जागी ठेवत असते. सकाळपासून ती माझ्या मागे उभी होती, द्रावणं भरत, एक शब्द न बोलता. बाराव्या उंदराची पहिली पेशी चिकटली, फुटली. मी फवारा दिला. रेघ ढिम्म. मी उठलो आणि काचेच्या नळ्यांचा अख्खा डबा भिंतीवर फेकला. साठ नळ्या, प्रत्येक तिनं सकाळी हातानं ओढून केलेली. काच खोलीभर झाली. "द्रावण कुणी केलं?" मी ओरडलो. "मी, सर." "मग काय घातलंस त्यात? एक काम धड होत नाही तुमच्याकडून! बारा जीव गेले, बारा! लाज वाटते का?" ती उभी होती. तिचा चेहरा बघून माझा आवाज मध्येच बसला. ती घाबरली नव्हती, चिडली नव्हती, रडवेली तर मुळीच नव्हती. तिनं खाली वाकून मोठी काच उचलायला सुरुवात केली, नीट, एकावर एक.

"तू काही बोलत का नाहीस?" मी विचारलं.

"सोमवारी बोलले होते, सर."

"काय बोललीस?"

"झडपेतली नळी जाड आहे म्हणून."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, तुला शिकवायला ठेवलंय का मी. आणि स्टँडवर हात आपटलात. मग बुधवारी पुन्हा सांगणार होते." तिनं काचा ट्रेमध्ये ठेवल्या. "नाही सांगितलं."

द्रावणांनी भरलेल्या आठ पिचकाऱ्या उंच टांगलेल्या असतात, प्रत्येकीची रबरी नळी एकेका झडपेतून येते, आणि शेवटी सगळ्या एका बारीक तोंडाशी मिळतात. झडप म्हणजे दुसरं काही नाही, नळी चिमटीत दाबून बंद करणारा चिमटा. सोमवारी निकोटिनची नळी चिरली होती, बारीक नळी संपली होती, मागवायला दोन दिवस लागले असते, आणि मी तिथे असलेली जाड नळी चिमट्यात कोंबून बसवली होती. थांबेल तो मी कसला. जाड नळी चिमटीत पुरती दबत नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी खुर्ची ओढून डोळा त्या बारीक तोंडाशी नेला. झडप बंद होती, दिवा लाल होता. तोंडाशी थेंब जमत होता. फुगला, लोंबला, हौदात पडला. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सातव्या सेकंदाला दुसरा. पुन्हा सात. सोमवारपासून, माझ्या प्रत्येक पेशीवर, मी फवारा देण्याच्या कितीतरी आधीपासून, दर सात सेकंदांनी एक थेंब.

ही दारं अशीच असतात, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर काढून दाखवतो. रसायन आलं की दार उघडतं. पण ते रसायन जातच नसेल, थोडं थोडं येतच राहत असेल, तर दार मिटतं आणि मिटलेलंच राहतं. चावी कुलपात तशीच असते, दार उघडत नाही. मग बाहेरून तुम्ही कितीही ओता. पेशी बहिरी नाही, मेलेली नाही. तिच्यावर ते सारखं चालू आहे म्हणून ती गप्प आहे. मी ओततच होतो, दहापट, शंभरपट, आणि ती बोलत नाही म्हणून उंदरांमागून उंदीर कापत होतो. मुंगीला हे सोमवारीच दिसलं होतं. तिला माझी भीती वाटली म्हणून बारा उंदीर मेले.

"काढ ती नळी," मी म्हटलं. "निकोटिनची बाजूच बंद कर. नुसतं स्वच्छ द्रावण सोड."

"किती वेळ, सर?"

"वीस मिनिटं तरी."

वीस मिनिटं मुंगी खण धुंडाळत होती आणि मी बसून होतो. काचेच्या नळीला चिकटलेली ती पेशी अजून टिकून होती, का ते देव जाणे. हौदातून पाणी वाहत होतं आणि मी घरातले थेंब मोजत होतो. थोबाडीत मारणं महिन्यातून चार-पाचदा. ते काहीच नाही. मी खुर्ची सरकवतो त्या आवाजाला ती चमचा खाली ठेवते. मी किल्ली दाराला लावली की तिचं गाणं थांबतं. मला वाटायचं, गाणं संपलं. मी वर्तमानपत्र घडी करतो तेव्हा ती मान खाली घालते. मी नुसता घसा खाकरला तरी. मी जागा असेन तितका वेळ त्या घरात काही ना काही गळत असतं, आणि मी म्हणतो, पोरगी भारी समंजस आहे, कधी हट्ट नाही, कधी रडणं नाही. पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. आणि अण्णा? मी जिंकलो नव्हतो. दहाव्या वर्षी मी मिटलो होतो, आणि कुणी मला धुतलंच नाही. त्या घरातून उठलो तो तसाच लग्नाला उभा राहिलो, तसाच बाप झालो. मला अण्णांचा इतका राग आला की त्यांना चितेवरून उठवून पुन्हा मारावंसं वाटलं. मुंगी म्हणाली, "सर, झाली वीस." तिनं बारीक नळी कुठल्याशा जुन्या खणातून शोधून बसवली होती. नळी होती. सोमवारीही होती, मी विचारलं नव्हतं. मी कळ दाबली. पाव सेकंदाचा फवारा. रेघ कोसळली, पडद्याच्या तळाशी आपटली आणि तळही सोडून खाली गेली. यंत्राला मोजता येईना, लाल दिवा लागला. इतकं मोठं उत्तर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुंगी "सर!" म्हणून ओरडली, मग तिनं तोंडावर हात ठेवला. मी तिच्यासमोर ढसाढसा रडलो. ती काय करणार, तिनं झाडू आणला आणि काच झाडायला लागली. जरा वेळानं मी तिला म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो, सर." झाडत राहिली.

बायकोची पाळी दोनला संपते. मी पावणेदोनला रुग्णालयाच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिलो, जिथे कपड्यांच्या गाड्या येतात. मला बघून ती धावत आली. "काय झालं? भिंगरीला काय झालं?"

"मी मारलं. सकाळी."

तिच्या चेहऱ्यावरून सगळं ओघळून गेलं. "हे सांगायला आलास?"

"ती रडली नाही."

"ती दीड वर्षं झाली रडत नाही," बायको म्हणाली. "तुला आज दिसलं?"

मी तिला पेशीचं सांगायला लागलो, थेंबाचं, वीस मिनिटांचं. अर्ध्यातच तिनं हात वर केला. "तुझी ती उंदरांची भाषा मला नको. सरळ बोल, काय हवंय तुला? माफी?"

"तिला घेऊन जा."

"काय?"

"दादांकडे. तू म्हणाली होतीस. आजच. मी घरी यायच्या आत. मी फोन करणार नाही, भेटायला येणार नाही. मी बदललो, सुधारलो, असं काही सांगायला आलो तर दार उघडू नकोस."

मग तिनं मला मारलं. पायात पाळीचे जाड तळाचे बूट, दमलेलं अंग, तरी सगळा जोर लावून, कानाखाली. गाडीवाला थांबून बघू लागला. "ही मी वर्षापूर्वी द्यायला हवी होती," ती म्हणाली, आणि तिचाच हात तिनं दुसऱ्या हातात धरला. "मीसुद्धा नळ मोठा सोडून बसले." मी तिला आईचं कधीच सांगितलं नव्हतं. दुखलं. कान तापून गेला, डोळ्यात पाणी आलं, आणि मला ते दुखणं अंगभर नीट कळत होतं.

संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. मी खुर्ची सरकवली, किल्ली वाजवली, घसा खाकरला. भिंतींना काय फरक पडणार. भिंगरीचं कपाट उघडलं तर हिवाळ्याचे कपडेही नेले होते. पुढे सात आठवडे मी रोज प्रयोगशाळेत गेलो. उंदीर मारायचं काम मुंगीकडे दिलं, तर ती म्हणाली, "सर, तुम्ही लवकर करता, त्यांना त्रास कमी होतो," म्हणून ते मीच केलं, पण अठ्ठेचाळीस सेकंद मोजणं सोडलं. बायको रविवारी दोन ओळींचा निरोप पाठवायची. जेवते. शाळेत घातलं. मामाच्या पोरांशी बोलते थोडं. चौथ्या आठवड्यात: आज तिच्या हातून काचेचा जग फुटला. कुणी काही बोललं नाही. ती तासभर रडली, उलटी होईपर्यंत. पाचव्या आठवड्यात तिनं मामेभावाला चावलं. सहाव्यात, झोपेत ओरडते, ताप नाही. मला जायचं होतं. चपला पायात घालून मी तीनदा जिन्यापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. सातव्या आठवड्यात, भर दुपारी, बायकोचा फोन आला. "तिला तुझ्याशी बोलायचंय. मी नाही सांगितलं तिला, तीच मागं लागलीय. घेतोस?"

"दे."

फोन भिंगरीच्या हातात गेला. मग ती ओरडली. तिचा आवाज इतका मोठा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. "तू मला मारायचास! नाडीसाठी मारलंस! मला दुखायचं, खूप दुखायचं, तू बघायचासच नाही! मी काहीच केलं नव्हतं! तू घाणेरडा आहेस! मी मोठी झाले ना, की तुला मारणार आहे, हातानं नाही, लोखंडानं मारणार आहे!" मागून बायकोचा आवाज आला, "बास, भिंगरे, बास आता," आणि तिनं फोन काढून घ्यायला हात घातला असावा, कारण भिंगरी आणखी जोरात किंचाळली, "सोड! मला बोलायचंय त्याच्याशी!" मुंगी दारातून डोकावली, माझा चेहरा बघून परत गेली. मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "काय हो?" मी म्हटलं, "दुखायचं. तू काही केलं नव्हतंस. बोल, मी ऐकतोय." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. एकेक दिवस तिच्या लक्षात होता, तारखेवार नाही, पण अंगावर कुठे ते पक्कं. मी फोन कानाला लावून भिंतीशी उभा राहिलो आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोललो नाही.